न लागलेल्या बोअरचा हिशेब

तळहात उताणा. त्यावर आडवा ठेवलेला नारळ, शेंडी पुढे. पायात चप्पल नाही. पाणाड्या परसाच्या कोपऱ्यातून निघतो, गोठ्याला वळसा घालतो आणि सीताफळाच्या झाडापाशी त्याची चाल मंदावते. नारळ थरथरतो, डोलतो, एकाएकी उभा राहतो. "हितं," तो म्हणतो. "पावणेदोनशेवर पहिली धार हाय." मामा खुंटी ठोकतात, मामी हळदकुंकू वाहतात. आठवड्याभराने बोअरची गाडी येते. रात्रभर घरातल्या भांड्याकुंड्यांवर फुफाटा बसत राहतो आणि पहाटे पाणी लागतं. दोन इंच.

ही गोष्ट वाशीची. मुंबईकरांना लगेच खाडीकाठचं वाशी आठवतं म्हणून सांगतो, हे धाराशिव जिल्ह्यातलं, बालाघाटाच्या पठारावरचं वाशी. इथे पाण्याचा विषय निघाला की खाडी आठवत नाही, टँकर आठवतो.

"मग? लागलंच की पाणी," मामा माझ्याकडे बघून म्हणाले, कारण पॉइंट काढताना मी तोंड वाकडं केलं होतं. मला उत्तर सुचलं नाही. शाळेत शिकवलेलं विज्ञान अशा वेळी हटकून दगा देतं. समोर पाणी उपसतंय आणि आपण म्हणायचं की ते नारळामुळे लागलेलं नाही! लोक हसणारच.

उत्तर सापडलं ते पुढच्या ऑक्टोबरात, सोयाबीनच्या रानात. आणि ते दिलं मामांनीच.

गावात पीक कापणी प्रयोग होता. विम्याची भरपाई, आणेवारी, सगळं या आकड्यावर, त्यामुळे बांधावर ही गर्दी. प्रयोगाची रीत अशी, की शेत चिठ्ठीसारख्या आकड्यावर निवडायचं, मग त्या शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून आकडा सांगेल तितकी पावलं लांबीकडे आणि तितकी रुंदीकडे मोजायची आणि तिथे दोरी लावून ठरलेल्या मापाचा चौकोन आखायचा. तेवढंच पीक कापायचं, मळायचं, वजन करायचं. (नैऋत्य कोपऱ्याला वास्तुशास्त्रवाल्यांकडेही मोठा मान आहे. इथे त्या कोपऱ्याचा गुण एवढाच, की तो आधीच ठरलेला असतो.) पावलं मोजता मोजता कोणीतरी म्हणालं, "जरा हिकडं घ्या, हितं पीक बरं हाय." मामा कडाडले. "बरं हाय म्हणूनच घ्यायचं न्हाई! आकडा निघंल तीच जागा. तुमी जागा निवडाय लागलात तर सगळ्या गावाचा इमा बुडंल."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. चांगली जागा डोळ्यांनी निवडली की सगळ्या गावाचा आकडा खोटा ठरतो, हे ज्या माणसाला इतकं पक्कं कळतं, त्याला नारळाची कसोटी समजावून सांगायला कुठल्याही विद्यापीठातून माणूस आणायची गरज नव्हती.

कापणी प्रयोगाची ही रीत सरकारी कारकुनांच्या डोक्यातून निघालेली नाही. पूर्वी पिकाचा अंदाज नजरेने करत. पाटील-तलाठी शेताकडे बघून सांगायचे, आठ आणे पीक आहे, दहा आणे आहे. 1940 च्या दशकात भारतीय कृषी संशोधन परिषदेत पां. वा. सुखात्मे आणि व्ही. जी. पानसे यांनी आकड्यांवर शेतं निवडून कापणी करण्याची पद्धत बसवली. सुखात्मे साताऱ्याकडचे, बुध गावचे, 1911 चा जन्म. याच काळात त्यांचा आणि कोलकात्याच्या प्रशांतचंद्र महालनोबीस यांचा एक वाद झाला, आणि तो ऐकण्यासारखा आहे. चौकोन केवढा असावा? महालनोबीस म्हणत, लहान चौकोन पुरे, भराभर होतात. सुखात्म्यांनी दाखवून दिलं की लहान चौकोनातून उतारा खऱ्यापेक्षा जास्त येतो. कारण काय? दोरीवर आलेलं झाड. ते आत धरायचं की बाहेर? कापणारा प्रामाणिक असतो, त्याला कोणाची फसवणूक करायची नसते, तरी हात जरासा आतल्या बाजूला झुकतो. मोठ्या चौकोनात काठावरची चार झाडं खपून जातात, लहान चौकोनात तीच आकडा फुगवतात.

प्रामाणिक माणसाचा हातसुद्धा झुकतो. नारळाचं निम्मं कोडं इथेच सुटतं.

1852 मध्ये विल्यम कार्पेंटर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने लिहून ठेवलं, की मनात अपेक्षा असली की स्नायू आपल्या नकळत, इच्छेवाचून, बारीक हालचाल करतात. पुढच्याच वर्षी मायकेल फॅरेडेने त्याचा पडताळा घेतला. तेव्हा लंडनमध्ये भुताची टेबलं फिरवण्याचं वेड होतं. लोक टेबलावर हात ठेवून बसत आणि टेबल फिरे. फॅरेडेने हात आणि टेबल यांच्यामध्ये सरकत्या पुठ्ठ्यांचे थर ठेवले. टेबल हातांना ओढतं की हात टेबलाला ढकलतात, हे थर कुठे सरकले त्यावरून कळणार होतं. ढकलत होते हातच. नारळ तर टेबलापेक्षा किती हलका! शिवाय गोल, आणि आत पाणी. आडवा तळहातावर ठेवला की तो मुळातच डळमळीत. हात केसभर कलला तरी पाणी एका अंगाला जातं आणि तोल सुटतो. कडुनिंबाच्या बेचक्याच्या फांदीचं तेच, हातात धरलेल्या तांब्याच्या काड्यांचंही तेच. पाणाड्या लबाड असलाच पाहिजे असं मुळीच नाही. मला भेटलेले बहुतेक लबाड नव्हते. एक तर पायाळू होता. पायाकडून जन्मलेल्याला जमिनीखालचं पाणी दिसतं हे त्याने लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं, की त्याला दुसरं काही दिसायची सोयच राहिली नव्हती.

पण हात झुकतो एवढ्याने वाद संपत नाही. मामा म्हणतील, झुकेना का, पाण्याकडेच झुकतो ना?

त्यासाठी पायाखालचा दगड बघावा लागतो. आपल्या पायाखाली आहे तो काळा पाषाण, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, थरावर थर. सलग काळा पाषाण पाणी धरत नाही. पाणी असतं ते वरच्या मुरमात, कुजलेल्या खडकात, भेगांमध्ये, आणि दोन थरांच्या मधल्या सच्छिद्र किंवा गेरूच्या पट्ट्यात. "जमिनीखालची नदी", "पाण्याची शीर", जी पाणाड्याला दोन हात रुंद दिसते, ती या खडकात अशी वाहत नाही. आणि थर आडवे पसरलेले. म्हणजे सीताफळापाशी 175 फुटांवर भेगाळ थर असेल तर तो गोठ्याखालीही असण्याचा संभव बराच. समजा एखाद्या शिवारात कुठेही खणलं तरी दहातल्या सात जागी थोडंफार पाणी लागतं. तिथे डोळे मिटून खडा भिरकावणाराही दहापैकी सात वेळा बरोबर ठरणार. गावात त्याचं नाव होणार, लोक त्याला शेला-नारळ देणार.

म्हणून विचारायचं ते एवढंच: नारळ जिथे उभा राहिला नाही, तिथे कोणी खणून पाहिलं का? हे कोणी करत नाही. बोअरचा खर्च बघता करणं शक्यही नाही. आणि जिथे नारळ उभा राहूनही कोरडी धूळ निघाली, त्या बोअरचं काय झालं? ते बुजले. गावात फिरून विचारा, लागलेल्या बोअरची गोष्ट फूट-इंचासह ऐकायला मिळेल. फेल गेलेल्याबद्दल लोक म्हणतात, गाडीवाल्याने खुंटीपासून हातभर सरकून मशीन लावलं, घरात सुतक होतं, आमचं नशीब. फेल बोअरचा दोष कधीच नारळावर येत नाही.

अशी मोजणी मोठ्या प्रमाणावर झाली आहे, जर्मनीत. 1987-88 मध्ये म्युनिकजवळ सरकारी पैशाने दोन वर्षं प्रयोग चालले. पाचशेहून अधिक पाणाड्यांतून (तिकडेही असतात, आणि भरपूर) सर्वांत तरबेज 43 निवडले. दुमजली कोठार घेतलं. तळमजल्यावर पाण्याचा पाइप, गाडीवर बसवलेला, दर खेपेला चिठ्ठी काढल्यासारखा पुढे-मागे सरकवलेला. पाणाड्या वरच्या मजल्यावर दहा मीटरच्या पट्ट्यावर चालणार आणि सांगणार, पाइप इथे आहे. अशा 843 खेपा झाल्या. प्रयोग करणाऱ्यांनी जाहीर केलं, की बाकीच्यांना जमलं नसलं तरी सहा जणांच्या अंगात खरंच कला आहे. पुढे जिम एनराइट या अमेरिकी शास्त्रज्ञाने तेच आकडे पुन्हा तपासले. त्या सहांतल्या सर्वांत चांगल्याची कामगिरी किती होती? दर वेळी डोळे झाकून "पाइप मधोमध आहे" असं म्हणणाऱ्यापेक्षा दहा मीटरमध्ये सरासरी चार मिलिमीटर सरस. चार मिलिमीटर म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याएवढंही नाही. शिवाय एकच माणूस एका फेरीत चमके आणि दुसऱ्या फेरीत आपटे.

त्याच गटातल्या संशोधकांनी श्रीलंकेतल्या कोरड्या भागातला दाखला दिला होता. पाणाड्याच्या सांगण्यावरून 691 विहिरी खोदल्या, 96 टक्के लागल्या. ऐकून छाती दडपते. पण मामांचा कापणीचा नियम लावा. न दाखवलेल्या जागी किती खोदल्या? तसा आकडाच नाही. तो नसेल तर 96 टक्के श्रेय पाणाड्याचं की खडकाचं, हे सांगायला कोणी मोकळा नाही.

1990 मध्ये जर्मनीतच कासेलला आणखी साधा प्रयोग झाला. सपाट मैदानात अर्धा मीटर खोल प्लॅस्टिकचे पाइप पुरले, वर रंगीत पट्ट्या मारून त्यांची जागाही दाखवली. ओळखायचं एवढंच, की आता पाइपातून पाणी वाहतंय की नाही. तीसेक जणांनी आधी सही करून दिली, की चाचणी रास्त आहे आणि आमचं शंभर टक्के बरोबर येईल. निकाल छाप-काट्यासारखा आला. मला त्यातली आधी घेतलेली सही फार आवडते. बोअर कोरडा निघाल्यावर सुतक आठवतं, ते आधी लिहून घेतलेल्या कागदावर नसतं.

ही चाचणी घरीही होते. दहा वेळा करायची. झाकलेलं एकच पिंप, आत पाणी आहे की नाही हे दर वेळी नाणं उडवून ठरवायचं, आणि ठरवणाऱ्याने पाणाड्यासमोर थांबायचं नाही, कारण त्याचा चेहरा फुटतो. पण दहापैकी सात बरोबर आले म्हणून फेटे उडवू नका. निव्वळ अंदाजपंचे सांगणाऱ्यालाही साधारण सहा फेऱ्यांत एकदा सात किंवा त्याहून जास्त बरोबर येतात. आठ किंवा जास्त साधारण अठरा फेऱ्यांत एकदा. गावात अठरा जणांनी करून पाहिलं तर एखादा सिद्धपुरुष फुकटात तयार.

यावर एक गोष्ट मान्य केली पाहिजे, नाहीतर मीच चांगलं पीक बघून दोरी लावली असं होईल. जाणता पाणाड्या नारळ हातात घेण्याआधीच निम्मं काम उरकतो. दोन ओढे कुठे मिळतात, उन्हाळ्यातही उंबर कुठे हिरवा आहे, वारूळ कुठे आहे, शेजारच्या विहिरीला पाणी किती फुटांवर आहे, हे तो बघून ठेवतो. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दकार्गल नावाचा अख्खा अध्याय झाडं आणि वारुळांवरून पाणी ओळखण्याचा आहे. त्यातलं सगळं खरं ठरेल असं नाही, पण ते तपासता येतं. झाड दोघांनाही दिसतं, नारळाची थरथर एकालाच कळते. भूवैज्ञानिकाचं यंत्र म्हणजे जमिनीत रांगेत ठोकलेल्या चार सळ्या, बाहेरच्या दोनांतून वीज सोडायची आणि आतल्या दोनांत दाब मोजायचा. ओला कुजका खडक विजेला कमी अडवतो, कोरडा पाषाण जास्त. त्याचाही पॉइंट आपल्या खडकात चुकतो, हे तो स्वतःच सांगेल. मात्र त्याने खोलीगणिक आकडे आधी कागदावर लिहिलेले असतात. (अलीकडे दिवे लुकलुकणारी पेटी घेऊन "सॅटेलाइटवरून पाणी" दाखवणारेही फिरतात. पेटीत बॅटरी असली म्हणून नारळाचं यंत्र होत नाही.)

बोअरचं इतकं लांबवलं, कारण त्यात पैसा जातो. परसात आणि स्वयंपाकघरात चूक स्वस्त असते, त्यामुळे तिथे समजुती जास्त दिवस टिकतात.

मामींच्या चार टोमॅटोंच्या रोपांना फळ धरलं की बुडाला काळा डाग पडायचा. कोणीतरी मोबाइलवर पाठवलं, अंड्याची टरफलं घाला, कॅल्शियम मिळेल. दुसऱ्याने सांगितलं, एप्सम मीठ घाला. आता आपली काळी जमीन खणली की चुनखडीचे खडे हाताला लागतात. कॅल्शियम इथे रग्गड. टरफलं घालणं म्हणजे साखर कारखान्यात गुळाचा खडा नेण्यासारखं. डाग पडतो तो बहुधा फळापर्यंत कॅल्शियम न पोचल्याने. ते पाण्याबरोबर वर चढतं, आणि चार दिवस तहान नि पाचव्या दिवशी बदाबदा पाणी असं झालं की वाहतूक तुटते. एप्सम मीठ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. मॅग्नेशियमची उणीव असली तर आधी खालची, जुनी पानं पिवळी पडतात. मामींच्या लिंबाची शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या होत्या. ही लोहाची कमतरता. लोह जमिनीत असतंच, चुनखडी ते झाडाला घेऊ देत नाही. मामांकडे मृदा आरोग्य पत्रिका आहे, लॅमिनेट करून देव्हाऱ्यामागे ठेवलेली. तिच्यात सामू लिहिलेला आहे. ती कोणी वाचलेली नव्हती.

पिंपळ, तुळस रात्री ऑक्सिजन सोडतात हेही असंच. उजेडावाचून कोणतीच वनस्पती ऑक्सिजन तयार करत नाही. काही झाडं रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेऊन साठवतात, एवढं खरं. घरातली हवा शुद्ध करणाऱ्या कुंड्यांचा उगम नासाच्या 1989 च्या एका प्रयोगात आहे. तो हवाबंद पेटीत केला होता. पुढे अशा प्रयोगांचे आकडे एकत्र करून पाहिले, तर साध्या खेळत्या हवेशी बरोबरी करायला दर चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतात असं निघालं, आणि तो सगळ्यांत उदार अंदाज. खिडकी उघडावी.

मात्र "जुनं ते खुळचट" म्हणणाऱ्याचा हातही झुकलेलाच असतो. मामींच्या कोठीच्या खोलीत मी तोंडघशी पडलो. कडधान्याला त्या एरंडेल चोळतात, वालाच्या बियाण्याला राख लावतात. मी मनात हसलो होतो. नंतर वाचलं. कडधान्यातला भुंगेरा दाण्याच्या सालीवर अंडं चिकटवतो, अळी तिथूनच आत घुसते. तेलाचा पातळ थर बसला की अंडं गुदमरतं. राख किड्याच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडते आणि तो सुकून मरतो. दोन्ही उपाय प्रयोगशाळेत उतरले आहेत.

कडुनिंबाचं तर नाव झालं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत एस. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1962 मध्ये निंबोळीचं पाणी पिकावर फवारलं. टोळ ते पीक खाईनात. पण बारकावा असा, की खरा गुण पाल्यात कमी, निंबोळीत जास्त, आणि तो उन्हात लवकर जातो. म्हणून 5 टक्के अर्क संध्याकाळी फवारायचा, 5 किलो निंबोळीची भरड 100 लिटर पाण्याला. आणि सकाळी अळ्या जिवंत दिसल्या म्हणून नाक मुरडायचं नाही. हा अर्क लगेच मारत नाही. अळीचं खाणं सुटतं, कात टाकता येत नाही. दुसऱ्या दिवशी अळ्या मोजणारा म्हणेल फुकट गेलं, आठवड्याने पानांची भोकं मोजणारा म्हणेल लागू पडलं. काय मोजायचं तेही आधी ठरवावं लागतं.

"पाल्यानं पन होतंय," मामी ठामपणे म्हणाल्या. होत असेल. पाला धान्यात घालण्याआधी त्या धान्य चार दिवस कडक उन्हात घालतात, मग होतंय ते उन्हानं की पाल्यानं?

या पाडव्यानंतर आम्ही तीन डबे भरले. एकाच पोत्यातला हरभरा, उन्हात घालून, ओसरीवर ढीग करून वरखाली मिसळलेला, म्हणजे किडका भाग एकाच डब्यात जायला नको. तीन सारखे स्टीलचे डबे. एकात नुसता हरभरा, एकात पाला, एकाला एरंडेल. कोणत्या डब्यात काय हे मामांनी चिठ्ठ्या टाकून ठरवलं. चिठ्ठ्या उचलायला शेजारचं पोर बोलावलं, "आपला हात नको" म्हणून. दिवाळीला उघडून प्रत्येकातले शंभर दाणे घ्यायचे आणि भोकं पडलेले मोजायचे. मी मामींना म्हटलं, काय निघेल ते आत्ताच लिहून ठेवा. त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे लिहिलं, खाली तारीख घातली आणि कागद डब्यांखाली सरकवला.

"तेलाचा चांगला. पाल्याचं सांगता येत न्हाई. साध्यात दिवाळीपतूर पीठ."